हजेरीपटावरून मिळणारी सनद
(चंडीगढ येथील मराठी रहिवाशांच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात घालून दिलेली वसंत व्याख्यानांची प्रथा शिवालिकच्या पायथ्याशी आपण मंडळी चालवीत आहात, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. महाविद्यालय कोणाचे म्हणावयाचे, ज्याने ते स्थापन केले त्याचे, की जे त्यात येऊन बसतात त्यांचे, हा तो विषय होय. आणि या प्रश्नाच्या उत्तरावर सरकारी खजिन्यातील पैसा कोणत्या वाटेने वाहील हे पुष्कळ अंशी अवलंबून असल्यामुळे तो केवळ पंडितांच्या वादाचा विषय आहे असे मी मानीत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला. या हक्काची परीक्षा ज्या प्रदेशांत वारंवार झाली, त्यांत पंजाब अग्रभागी आहे. 1971 साली जालंधर व भटिंडा येथील डी.ए.व्ही. महाविद्यालयांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने आर्यसमाजी हे पंजाबात धार्मिक अल्पसंख्य ठरतात असा निर्णय दिला. पुढे 2002 साली टी.एम.ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरवावे असे सांगितले. याचा प्रत्यय आपणांस रोज येण्यासारखा आहे: मोहालीच्या बाजूस, म्हणजे पंजाबात, शीख समाज बहुसंख्य आहे, आणि हद्द ओलांडून या शहरात प्रवेश करताच, 2011च्या जनगणनेप्रमाणे, तोच समाज शेकडा 13च्या आसपास भरतो. अलीगढच्या विद्यापीठासंबंधी 2024 साली सात न्यायाधीशांच्या पीठाने 1967चा जुना निवाडा बाजूस सारला, तेव्हाही संस्था कोणाच्या कल्पनेतून, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हितासाठी निघाली, याचीच छाननी महत्त्वाची ठरली. या निवाड्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांत जे दप्तर उघडले गेले ते संस्थापकाचे होते; वर्गातला हजेरीपट कोणी मागविला नाही.

हजेरीपटावरून ओळखले जाणारे महाविद्यालय या शहरातील विद्यापीठाच्या इतिहासातच होऊन गेले आहे. 1882 साली लाहोरास स्थापन झालेले पंजाब विद्यापीठ फाळणीनंतर घरदार हरपून सोलनला आले, त्याचे विभाग होशियारपूर, जालंधर, दिल्ली अशा ठिकाणी विखुरले, आणि 1956च्या सुमारास ते या शहरात स्थिरावू लागले, हे आपणांस ठाऊक आहे. त्या विखुरलेल्या दिवसांत दिल्लीत निर्वासित तरुणांसाठी जे महाविद्यालय निघाले, त्याचे नावच कॅम्प कॉलेज असे होते. त्याचे वर्ग सायंकाळी भरत, कारण दिवसभर कचेरीत वा दुकानात राबून पोट भरल्यावाचून त्या विद्यार्थ्यांना गत्यंतर नव्हते. विद्यार्थी जसा होता तसे महाविद्यालय झाले. वेळ त्याच्या सोयीने ठरली, जागा मिळेल ती पत्करली. हे ज्यांनी केले त्यांनी त्याला सिद्धांताचे रूप दिले नाही. पण सिद्धांत त्यात होता.

त्याच काळात आपल्या मुलुखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विचाराने काम करीत होते. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, आणि नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले. 1950 साली त्यांनी औरंगाबादेत जे महाविद्यालय काढले, व जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले, त्याची कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. निजामी अंमलातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. ज्याच्या घरात अक्षरशत्रुत्व पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले होते, असा मुलगा वळकटी व एखादी पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात, म्हणजे त्या महाविद्यालयाच्या आवारात, येई, आणि त्याला केवळ प्राध्यापकच नव्हे तर राहण्यास जागा, दोन वेळचे अन्न, इंग्रजीची पूर्वतयारी आणि धीर देणारा मनुष्य, एवढे सगळे लागे. प्रवेशाचे दार कोणत्याही जातीला बंद नव्हते. तरी त्या महाविद्यालयाचा खर्च, त्याची वसतिगृहे, त्याच्या शिक्षकांचे श्रम हे सारे तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गरजेवरून ठरत गेले. गंगाधर पानतावणे तेथे अध्यापन करीत असता ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक आकारास आले आणि मराठी वाङ्मयाला एक नवी पिढी लाभली. असे कार्य करणाऱ्या संस्थेला अधिक खर्च येतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की अनुदानाच्या नियमांत तिला जागा मिळू नये याचे मला आजही वैषम्य वाटते.

अमेरिकेत हा प्रश्न दोन पायऱ्यांनी सुटत गेला. 1965च्या उच्च शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी 1964 पूर्वी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना विशेष साहाय्याला पात्र ठरविले. म्हणजे तेथेही कसोटी स्थापनेचीच होती. परंतु स्पॅनिश भाषक पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्या, हिस्पॅनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजासाठी अशी जुनी महाविद्यालये फारशी निघालीच नव्हती. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको येथील ही मुले जवळच्या, स्वस्त, सामान्य महाविद्यालयांत शिकत होती. म्हणून 1986 साली सॅन अँटोनियोत अशा महाविद्यालयांचा एक संघ उभा राहिला, आणि 1992 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ज्या संस्थेत पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी किमान शेकडा 25 हिस्पॅनिक असतील, आणि जेथे गरजू विद्यार्थी पुष्कळ व दर विद्यार्थ्यामागील खर्च कमी असेल, त्या संस्थेला स्वतंत्र मान्यता मिळाली. संस्थापक कोण हे कोणी विचारले नाही. या तजविजीवर 2025 साली टेनेसी राज्याने न्यायालयात हरकत घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने त्यातील काही अनुदान थांबविले. वंशावरून पैसा वाटणे अन्याय्य होय, हा आक्षेप. मला तो पटत नाही. पैसा संस्थेला मिळतो, त्यातून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयात व प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थी बसतो, आणि ज्याला जातीमुळे वा वंशामुळे काही मिळाले असे म्हणता यावे असा विद्यार्थी तेथे दाखविता येत नाही.

आता पंजाबकडे पाहा. अनुसूचित जातींचे प्रमाण येथे शेकडा सुमारे 32, म्हणजे देशातल्या सर्व राज्यांत अधिक आहे. मुक्तसर, फिरोजपूर आणि शहीद भगतसिंग नगर या जिल्ह्यांत ते 42च्या घरात जाते. या तिन्ही जिल्ह्यांत, सिखवाला, गुरु हरसहाय व बलाचौर येथे, याच चंडीगढच्या विद्यापीठाची स्वतःची घटक महाविद्यालये आहेत. अशा प्रदेशातल्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ती 1944 पासून चालत आली आहे, आणि तिने लाखो घरांत पहिला पदवीधर दिला हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु केंद्राने किती द्यावयाचे आणि राज्याने किती, या वादात गेल्या दशकात पंजाबातील खाजगी महाविद्यालयांची फार मोठी बाकी थकली. मग काय झाले ते जवळून पाहावे. परीक्षेच्या आधी शेतमजुराची मुलगी कचेरीच्या खिडकीशी रोलनंबर मागायला येते. कारकून तिचे खाते काढून दाखवतो, शिष्यवृत्तीच्या रकान्यापुढे रक्कम जमा नाही, आणि फी भरल्याशिवाय रोलनंबर मिळणार नाही असे सांगतो. मुलगी म्हणते, सरकार देणार आहे. कारकून म्हणतो, सरकारला घेऊन या. पदवीपत्रेही याच कारणाने अडकून पडली. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्या संस्थेला शिक्षकांचे पगार करावयाचे असतात. दोष आहे तो व्यवस्थेचा, जिच्यात एखादे महाविद्यालय जितकी अधिक दलित मुले घेईल तितके ते अधिक कर्जात बुडते, आणि जे मोजकीच घेते ते निर्धास्त राहते.

2020च्या डिसेंबरात केंद्राने आपला वाटा शेकडा 60 ठरविला आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची तरतूद झाली. हे पाऊल योग्यच होते. परंतु शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्याची फी भागवते. त्याच्यासाठी जो जादा शिक्षक, जो सायंकाळचा वर्ग, जे वसतिगृह लागते त्याचा भार ती उचलीत नाही. तो संस्थेला मिळणाऱ्या मान्यतेतूनच उचलला जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956च्या कायद्यातील 2(फ) आणि 12(ब) या कलमांखाली महाविद्यालयाला मान्यता मिळते, 1994 साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मूल्यांकन परिषदेकडून त्याचे मूल्यांकनही होते. पण कोणाला शिकवले, यासाठी वेगळी सनद नाही. आणि गणती तर आधीच होत आहे! अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात प्रत्येक महाविद्यालय जातिवर्गवार विद्यार्थिसंख्या भरून देते. 2021–22च्या अहवालात देशातील 4 कोटी 33 लाख विद्यार्थ्यांपैकी अनुसूचित जातींचे 66 लाख 23 हजार आणि जमातींचे सुमारे 27 लाख नोंदलेले आहेत. आकडा दप्तरात पडून आहे, त्यावर हुकूम तेवढा निघावयाचा आहे.

अशी सनद देताना महाविद्यालयावर ‘त्यांचे कॉलेज’ असा शिक्का बसेल, ही भीती मिलिंदच्या उदाहरणाकडे पाहणारा मनुष्य खोटी म्हणणार नाही. तो शिक्का काही घरांत बसलाच होता. परंतु शिक्का सनदेवाचूनही बसतो, मग सनदेबरोबर निदान पैसा तरी यावा. दुसरी भीती अधिक गंभीर आहे: संख्या भरण्यापुरते प्रवेश द्यावयाचे आणि दुसऱ्या वर्षी मुले गळाली तर डोळेझाक करावयाची. म्हणून केवळ प्रवेशाचा आकडा न धरता तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांचा आकडा धरावा, सनद पाच वर्षांची असावी, आणि मुक्तसरसारख्या जिल्ह्यात कसोटी अमेरिकेप्रमाणे शेकडा 25 न ठेवता जिल्ह्याच्या लोकसंख्येशी जुळवावी, अन्यथा तेथील अर्धवट काम करणारी संस्थाही आपोआप पात्र ठरेल.

याची सुरुवात दिल्लीची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांची तपासणी करते. त्या तपासणीच्या अहवालात पहिल्या पिढीतील विद्यार्थी किती आणि त्यांपैकी पदवीपर्यंत किती पोचले, हे दोन रकाने वाढवावेत, आणि सिखवाला, बलाचौर, गुरु हरसहाय येथील आपल्याच घटक महाविद्यालयांपासून ते भरावयास घ्यावेत. या सभागृहात विद्यापीठाशी संबंध असलेली काही मंडळी बसली आहेत असे मला चिटणिसांनी सांगितले. ही विनंती मी त्यांच्याचकडे करीत आहे.