डोमेन-नांवाचें स्थलांतर आणि त्याचा संकेत

दुकानाची पाटी, घराचा पत्ता आणि टपालाची पेटी या तिन्ही गोष्टी एकाच नांवांत सामावलेल्या असल्या, म्हणजे त्या नांवाला किती जपावें लागेल याची कल्पना आपणांस सहज करतां येईल. इंटरनेटवरील डोमेन-नांव हें असेंच असतें. शाळा, छापखाना, दवाखाना, घरच्या घरीं लोणचीं-पापड करून विकणारी गृहिणी, ज्याला त्याला आज तें लागतें. संकेतस्थळ त्या नांवावर उघडतें आणि ई-मेलहि त्याच नांवावर येतें. मात्र हें नांव कायमचें विकत मिळतें, हा गैरसमज आहे. तें पट्ट्यानें मिळतें. पट्टा एका वेळीं फार तर 10 वर्षांचा.

शेवटीं ‘डॉट कॉम’ असलेल्या यच्चयावत् नांवांची मुख्य वही अमेरिकेंतील व्हेरिसाइन या कंपनीपाशीं असते. परंतु गिऱ्हाइकाचा तिच्याशीं संबंध येत नाहीं. फी घेणें, नांव वहींत चढविणें हीं कामें रजिस्ट्रार म्हणविणारे व्यापारी करतात. 1999 पर्यंत ‘डॉट कॉम’साठीं असा व्यापारी एकच होता. त्या वर्षीं स्पर्धा सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक नवा प्रश्न आला: एका रजिस्ट्रारकडील नांव दुसऱ्याकडे न्यावयाचें, तर मागणी करणारा खरा धनी आहे हें ओळखावयाचें कसें?

प्रश्न पोकळ नव्हता. गॅरी क्रेमेन या अमेरिकन गृहस्थानें 1994 सालीं नोंदविलेलें एक नांव (त्याचा उच्चार येथें न केलेलाच बरा) पुढच्याच वर्षीं स्टीफन कोहेन यानें एका बनावट पत्राच्या जोरावर आपल्याकडे वळवून घेतलें. तें परत मिळण्यास 2000 साल उजाडलें. 2001 मध्यें न्यायालयानें 6 कोटी 50 लाख डॉलर्सची भरपाई ठरविली खरी. पण कोहेन परदेशीं पसार झाला होता. पुढें जानेवारी 2005 मध्यें न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट-कंपनीचें नांव तिच्या संमतीवांचून ऑस्ट्रेलियांतील एका रजिस्ट्रारकडे गेलें. दिवस शनिवार-रविवारचे, दाद मागावी कोणाकडे? नांव परत येईपर्यंत गिऱ्हाइकांचीं पत्रें भलतीकडेच जात राहिलीं. संकेतस्थळ दोन दिवस बंद पडलें, तर त्याचें एवढें दुःख नाहीं. पत्रें परक्याच्या हातीं पडणें हें खरें भय. कारण पासवर्ड बदलावयाची चिठीहि त्याच पत्त्यावर येत असते.

यासाठीं जो संकेत योजिला आहे, तो म्हणजे अक्षरें, अंक आणि चिन्हें यांची एक अर्थहीन मालिका. प्रत्येक नांवाचा संकेत निराळा. धन्यानें तो जुन्या रजिस्ट्रारकडून मागून घ्यावा व नव्याला द्यावा. नवा तो वहीवाल्यापुढें ठेवतो आणि जुळला तरच मागणी नोंदली जाते. जुना रजिस्ट्रार धन्याला तसें कळवितो. 5 दिवसांत हरकत आली नाहीं, तर नांव जातें. मौन म्हणजे संमति! म्हणून हा संकेत, जो आणून दाखवील त्याला पैसे मिळावेत अशा हुंडीसारखा सांभाळावा. सुदैवानें नांवाला कुलूपहि घालतां येतें. तें काढल्यावांचून नुसता संकेत चालत नाहीं.

संकेत मागितल्यावर 5 दिवसांच्या आंत तो दिलाच पाहिजे, आणि केवळ पैशांचा वाद आहे म्हणून रजिस्ट्रारनें तो अडवून ठेवूं नये, असा आयकॅन या संस्थेचा नियम आहे. (‘डॉट इन’ची व्यवस्था मात्र आपल्याकडील निक्सी पाहते.) नियम चांगला आहे. पण तो ज्याच्या नांवानें नोंद आहे, त्याच्यापुरता. आपल्याकडे संस्थेचें संकेतस्थळ बहुधा कोणा चिटणिसांचा भाचा किंवा एखादा कारागीर करून देतो आणि नोंद स्वतःच्याच नांवानें करतो. त्यांत लबाडी असतेच असें नाहीं; सोय असते. पुढें भाचा परदेशीं जातो, कारागीर धंदा बदलतो. मग संस्थेनें कितीहि ठराव केले, तरी रजिस्ट्रारच्या दृष्टीनें धनी तोच! आज घरीं गेल्यावर नोंद कोणाच्या नांवानें आहे आणि ई-मेल कोणाचें दिलें आहे, एवढें पाहावें. तें ई-मेल त्याच डोमेन-नांवावरचें नसावें. नाहीं तर नांवाचा पट्टा संपला कीं संकेताचें पत्रहि पोंचावयाचें नाहीं.

नोंद नवी असेल किंवा नांव नुकतेंच हलविलें असेल, तर 60 दिवस थांबण्याची तयारी ठेवावी. फीची मात्र धास्ती नको. ‘डॉट कॉम’च्या स्थलांतरास जी फी पडते, तिच्या मोबदल्यांत पट्ट्याची मुदत एका वर्षानें वाढते.