जमिनीवरचे विमान

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील गच्चीवर बांधलेल्या विमानाला २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. उड्डाणाचे कौतुक साहजिकच झाले. परंतु घरी विमान बांधणाऱ्यास ते जमिनीवर रोखून धरण्याचीही सोय करावी लागते. पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि चाकांकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीतील झडप बंद करायची, की दाब आत कोंडला जातो. युक्ती सोपी, पण बेभरवशाची. चिकलठाण्याच्या विमानतळावर मे महिन्याच्या उन्हात कोंडलेल्या तेलाचा दाब वाढतो, रात्रीच्या गारव्याने उतरतो. किंचित गळती असली तर ब्रेक सुटतोच. म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावल्यावाचून विमान सोडू नये. झडपेची मूठ वैमानिकाच्या नजरेसमोरच बसवावी. ब्रेक लागलेलाच राहिला, तर उतरताना चाके फिरत नाहीत आणि टायर फुटतो.