चिखलांतील चाक

सोलापूरची काळी जमीन पावसांत मोटारीची परीक्षाच घेते. एक चाक चिखलांत रुतलें, कीं डिफरन्शियल तेंच गरगर फिरवितें. घट्ट भूमीवरचें चाक स्वस्थ राहतें. २०२४ सालीं आलेल्या महिंद्रा थार रॉक्सच्या फोर-व्हील-ड्राइव्ह प्रकारांत विजेच्या कळीनें मागचीं दोन्ही चाकें परस्परांशीं जखडतां येतात.

माझा एक माजी विद्यार्थी जुन्या जीपला अशीच सोय जोडणार आहे. त्यास मीं बजावलें: तार फ्यूज व रिलेमार्गेंच ने, फ्यूज बॅटरीजवळच ठेव. नाहींतर वेष्टन घासून उघडी पडलेली तार गाडी पेटवील. कळीपाशीं सूचक दिवा हवाच. कारण जखडलेलीं चाकें डांबरी वळणावर गाडी नीट वळूं देत नाहींत.

चिखल सरतांच कुलूप काढावें. अडचणींतला उपाय नित्याचा नियम करूं नये.