एका मिस्ड कॉलची किंमत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण घरखर्चाचा हिशेब मी रोज लिहिते, म्हणून पैशाच्या एका गळतीविषयी दोन शब्द बोलते.

फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. आपल्याकडे मिस्ड कॉल म्हणजे निरोप. ‘पोचले’, ‘खाली ये’. म्हणून आपण लगेच उलट फोन लावतो, आणि चोराला हेच हवे असते. तो नंबर परदेशातला, मिनिटाला जबर आकार पडणारा. पलीकडे गाणे नाहीतर ‘जरा थांबा’ चालू राहते, आणि आपल्या पैशांतला वाटा त्याला पोचतो. जपानात या युक्तीला ‘वांगिरी’ म्हणतात. म्हणजे, एकदा वाजवून तोडणे.

मग याची तक्रार फारसे कोणी का करीत नाही? पहिले कारण, रक्कम लहान. ३० रुपयांसाठी दिवस कोण मोडणार? पण समजा, १०,००० जणींचे ३० रुपये गेले, तर चोरीचे ३ लाख झाले! दुसरे, रिचार्जमधून पैसे गेल्याचे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. तिसरे, सिमकार्ड यजमानांच्या नाहीतर मुलाच्या नावावर. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे लाज. ‘तू कशाला फोन लावलास?’ हा प्रश्न चोरीपेक्षा जास्त झोंबतो. खिसा कापला तर आपण कापणाऱ्याला बोल लावतो. इथे मात्र जिचे गेले तिलाच! ती गप्प बसते, आणि चोर शेजारच्या दारी जातो.

भगिनींनो, आपल्या देशाचा क्रमांक +९१ ने सुरू होतो. +२३२ सिएरा लिओनचा, +६७५ पापुआ न्यू गिनीचा. तिथे आपले कोणी नसेल तर उलट फोन करू नये. परदेशी फोनची सोय नको असल्यास कंपनीला सांगून बंद करून घ्यावी. न मागता गाणी, ज्योतिष असली सेवा सुरू झाली तर १५५२२३ वर ती बंद करता येते. अशा सेवेसाठी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१३ चा आदेश आहे. पैसे गेले तर कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. ऑनलाइन फसवणुकीसाठी सरकारचा १९३० आहे.

शेवटी एक सूचना. मंडळात एक वही ठेवावी. तारीख, नंबर, गेलेली रक्कम एवढेच लिहावे. नाव घालायचे की नाही ते जिचे तिने ठरवावे. एकीची नोंद वाचून दुसरी सावध होईल, आणि दहा नोंदी झाल्या की तक्रार करायला एकटीने जावे लागणार नाही.