यादीबाहेरचा दवाखाना
(अकोले येथील बैठकीत झालेले भाषण)



बोंडअळी आणि पावसाचा खंड यांवर आपण दर बैठकीत बोलतो. आज दवाखान्याच्या बिलावर बोलू. जमीन गहाण पडायला तेही तितकंच कारण आहे.

आधी हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला. तो पदरात पडला असं धरू. बिल ऐंशी हजारांचं आलं, तर दहा क्विंटलांहून जास्त कापूस गेला. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर अडीच एकरांचं पीक संपलं. बियाणं, खत, वेचणी वेगळीच.

सरकार म्हणतं, उपचार मोफत आहेत. ते खोटं नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली आणि २०१३ साली ती राज्यभर गेली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

मग घरं का बुडतात? मेख ‘अंगीकृत’ या शब्दात आहे. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच ती चालते. अकोल्याचा, राजूरचा पेशंट पुढे पाठवला की संगमनेर, लोणी, नाशिक गाठतो. रात्री गाडीवाला नेईल तो दवाखाना. तो यादीबाहेरचा निघाला, की बिल आपलं. कधी दवाखाना यादीत असतो, पण त्या आजारासाठी नसतो. कधी दोन्ही असतं, पण आरोग्यमित्राला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि भरलेले पैसे ही योजना मागाहून परत देत नाही.

म्हणून शहाणपण आधीच हवं. आपल्या वाटेवरचा कोणता दवाखाना कोणत्या आजारासाठी यादीत आहे, हे १५५३८८ या फोनवर विचारा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. यादी बदलते, म्हणून वर्षातून दोनदा तपासा. पोचल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला गाठा, मग कागदावर सही करा. तातडीच्या वेळी कागद मागाहून देता येतात. योजनेत दाखल झालेल्या पेशंटकडून औषध-तपासणीचे वेगळे पैसे मागितले, तर त्याच फोनवर तक्रार करा.

पण जीव जात असेल तर यादी शोधत बसू नका. १०८ ची गाडी फुकट आहे, ती बोलवा. जवळ जो दवाखाना असेल तिथे जा. पेशंट सावरला की यादीतल्या रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. एकेक दिवसाने बिल वाढतं.

धर्मादाय रुग्णालय असेल तर आणखी एक हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा.

तरी बिल आलंच, तर एकरकमी आकड्यावर पैसे मोजू नका. बाबवार बिल मागा. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खाजगी दवाखान्याला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. बिल दरपत्रकाशी ताडून बघा. बिलापायी मृतदेह अडवून ठेवायलाही याच नियमांनी मनाई आहे.

शेवटची गोष्ट. १९९२ साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेचा एक सभासद रेल्वेतून पडला. सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवला. शेवटी खाजगीत सुमारे सतरा हजार खर्च झाले. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने सांगितलं, वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि राज्याला पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली.

एकटा मजूर हे करू शकला नसता. त्याच्यामागे संघटना होती. म्हणून काउंटरवर आपल्या माणसाला एकटं उभं करू नका. प्रत्येक गावाने दोन माणसं नेमावीत, आणि गावाच्या फळ्यावर यादी लागली का, ते पुढच्या बैठकीत सांगावं.