हाड वाढतें कोठें?

बाळाला न्हाऊंमाखूं घातल्यावर त्याच्या टाळूवर तेल थापण्याचा प्रघात आपल्याकडे घरोघर आहे. तेलानें टाळू भरते, अशी समजूत. वस्तुतः टाळू भरते ती कवटीच्या हाडांच्या कडा वाढून एकमेकींजवळ आल्यामुळें; पुढची टाळू बहुधा दीड वर्षाच्या सुमारास बुजते. तेलानें बाळ सुखावत असेल, तर तेवढें श्रेय त्याला अवश्य द्यावें.

कवटीचीं बहुतेक हाडें पातळ पडद्यांतून थेट बनतात. हातापायांच्या लांब हाडांची गोष्ट निराळी. गर्भांत प्रथम त्यांचा कूर्चेचा मऊ आराखडा तयार होतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या मध्यभागीं चुन्याचे क्षार सांचूं लागतात, रक्तवाहिन्या आंत शिरतात आणि कूर्चेच्या जागीं हाड येऊं लागतें. टोकांचें हाड बहुतेक ठिकाणीं जन्मानंतर बनूं लागतें.

मग हाड लांब होतें तें कोठें? स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें कोंबडीच्या पिलाच्या नडगीला दोन बारीक भोंकें पाडलीं व १७२७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: हाड वाढलें, पण भोंकांमधील अंतर होतें तेवढेंच राहिलें! वाढ होते ती टोकांकडे. तेथें कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक असते. तिच्यांत नव्या पेशी निपजतात व मागच्या पेशींच्या जागीं हाड तयार होतें. वयांत आल्यावर कांहीं वर्षांनीं, मुलींत मुलांपेक्षां लौकर, ही चकतीहि हाड बनून जाते आणि उंची थांबते.

ही चकती आसपासच्या हाडाहून व सांध्याच्या बंधांहूनहि दुबळी असते. आमच्या शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा झाडावरून हातावर पडला. सूज बेताची होती; मीं जिन्यांतच मनगट पाहिलें आणि "लचकलें असेल" असें म्हणून मोकळा झालों. घरांत तीन दिवस तें चोळलें गेलें. क्ष-किरणांचें चित्र काढलें तेव्हां चकतीजवळचें टोक सरकलेलें दिसलें. चित्रांत कूर्चा उमटत नाहीं, नुसती काळी फट दिसते. म्हणून दोन्ही मनगटांचीं चित्रें शेजारीं ठेवून ताडून पाहावीं लागलीं. मुलाला भूल देऊन हाड जागीं बसविलें. वाढत्या मुलाच्या सांध्याजवळची सूज तेव्हांपासून मी कोणाला चोळूं देत नाहीं.

दर सहा महिन्यांनीं त्या मुलाचे दोन्ही हात टेबलावर ठेवून मी मोजतों. अजून फरक पडलेला नाहीं. त्याचें वाढण्याचें वय अजून सरलेलें नाहीं.