चंबळेच्या कड्यावरील गिधाडे



माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी माणसाला भानपुरा हे नाव परके नाही. १८११ साली यशवंतराव होळकरांनी तेथेच देह ठेवला. त्यांच्या छत्रीचे दर्शन घेऊन बहुतेक मंडळी परत फिरतात. थोडे पुढे गेल्यास चंबळेवरील गांधीसागर लागतो, आणि तेथे मात्र घाईने परतण्याची इच्छा होत नाही.

या धरणाची पायाभरणी १९५४ साली झाली व १९६० साली ते पूर्ण झाले. म्हणजे आपल्या शाळेहून ते थोडेच वडील. पाणी अडले तेव्हा काठची गावे, शेते, देवळे बुडाली. हे विसरून जलाशयाचे नुसते कौतुक करणे बरे नव्हे. परंतु पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर जी वर्दळ सुरू होते, ती पाहण्याजोगी असते. हिवाळ्यात केशरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने उतरतात. कवींनी या जोडप्याची रात्री ताटातूट केली; प्रत्यक्षात ती रात्रीही एकत्र चरताना आढळतात! उन्हाळ्यात नदीसुरय बेटांवरील उघड्या वाळूत अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूशी इतका मिळता असतो की, पाऊल जपून टाकणाऱ्यालाही ती दिसत नाहीत.

तथापि गांधीसागरचे खरे वैभव पाण्यात नाही, कड्यांत आहे. विंध्याच्या वालुकाश्मातून चंबळेने खोल घळ कोरली आहे. तिच्या उभ्या कड्यांवर दुरूनच चुन्याचे ओघळ उतरल्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. ती गिधाडांची विष्ठा. पट्टा जेथे सुरू होतो तेथे घरटे. भल्या पहाटे दुर्बीण घेऊन धावण्याचे येथे कारण नाही. ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत लांब चोचीचे गिधाड कपारीत पंख मिटून स्वस्थ बसते. मग एक उडी, आणि पंख न हालवता ते आकाशात गोल गोल चढत जाते.

हे दृश्य एकेकाळी गावोगावचे होते. मेलेले गुरू गावाबाहेर टाकले की काही तासांत हाडे उरत. १९९० नंतर गिधाडे भराभर दिसेनाशी झाली. कोणी साथीच्या रोगाला दोष दिला, कोणी कीटकनाशकांना. कारण उघड झाले ते २००४ साली, आणि ते गोठ्यातले निघाले. दुखऱ्या गुराला दिलेले डायक्लोफेनॅक त्याच्या मांसात राहते. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते व काही दिवसांत पक्षी मरतो. देशातील लांब चोचीच्या गिधाडांपैकी शंभरातील सत्त्याण्णवांच्या आसपास अशी गेली. औषध देणारा दुष्ट नव्हता. त्याला आपल्या गाईची वेदना पाहवत नव्हती, इतकेच.

२००६ साली गुरांसाठी हे औषध बनविण्यास भारतात बंदी झाली. तरी माणसांसाठीची मोठी कुपी गुरांना टोचली जाई, म्हणून २०१५ साली तीही बंद करावी लागली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे औषध उपलब्ध आहे. ज्या पालकांच्या घरी गुरे आहेत वा औषधांचे दुकान आहे, त्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. पक्षिमित्रांच्या दहा सहलींपेक्षा त्याने अधिक काम होईल.

भरपाई मात्र सावकाश चालते. लांब चोचीची मादी वर्षाला एकच अंडे घालते. सुमारे पन्नास दिवस नर-मादी आळीपाळीने ते उबवतात, आणि पिल्लू उडण्याजोगे होण्यास आणखी तीन महिने तरी लागतात. म्हणून सहलीला जाणाऱ्यांनी हिवाळ्यात कड्याच्या टोकाशी गलका करू नये, दगड लोटू नयेत. समोरच्या काठावरून दुर्बिणीने पाहावे. जानेवारी-फेब्रुवारीत नशीब असेल तर कपारीच्या सावलीत पांढुरके, लवदार डोके वर येते, आईबापांपैकी कोणी उतरत आहे का ते पाहते आणि पुन्हा खाली जाते.